संग्रहित छायाचित्र

८ मे २०२० ची सकाळ. लॉकडाऊन होता आणि आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवरचे निम्मे लोक घरूनच पानं लावत होते. मीही स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायचे. सात वाजायच्या आतच फोन थरथरू लागला. औरंगाबादजवळ करमाडपाशी रुळांवर झोपलेले मजूर मालगाडीखाली आले होते. आधी आकडा आला, मग दोन ओळींची बातमी, आणि मग एकामागून एक फोटो.

जालन्याच्या एका स्टील कारखान्यातले वीस मजूर मध्य प्रदेशात, शहडोल आणि उमरियाकडे, आपापल्या घरी निघाले होते. भुसावळला गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने रात्रभर चालले, दमले आणि तिथेच आडवे झाले. गाड्या बंद आहेत असंच त्यांना वाटत होतं. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. सोळाजण गेले.

दुपारपर्यंत माझ्याकडे चाळीसेक फोटो जमले होते. त्यातले बरेचसे छापण्यासारखे नव्हते, आणि जे मी पाहिले ते पुन्हा आठवायची माझी इच्छा नाही. प्रेत छापायचं की नाही हा डेस्कवरचा जुना वाद आहे. छापावं म्हणणारे नेहमी भोपाळचा दाखला देतात. १९८४ च्या डिसेंबरात मातीत पुरल्या जाणाऱ्या त्या बाळाचा चेहरा रघू राय यांनी काळ्या-पांढऱ्यात टिपला, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. ते बाळ कुणाचं हे कधी कळलं नाही, पण वायुगळती म्हटलं की देशाला आजही तोच चेहरा आठवतो. तो छापला नसता तर आपण काय गमावलं असतं, हा प्रश्न मलाही पडतो. तरी त्या दिवशी समोरच्या फोटोंकडे बघताना मला एवढंच कळत होतं की उद्या सकाळी हे पान त्यांच्या गावाकडच्या कुणाच्या तरी मोबाइलवर पोचणार आहे.

मग एक फोटो आला. त्यात माणूस नव्हता. रूळ, स्लीपर, खडी, आणि त्या खडीवर विखुरलेल्या चपात्या. काही एकमेकींवर पडलेल्या, काही सुट्या. वाटेत खायला बांधून घेतलेल्या. भाजल्याचे तपकिरी ठिपकेसुद्धा दिसत होते.

मी बराच वेळ त्या ठिपक्यांकडेच बघत राहिले. रक्ताचे फोटो बघताना मन आपोआप दार लावून घेतं. या फोटोने ते दार लावूच दिलं नाही, कारण त्यात माझ्या घरातली वस्तू होती. मागच्या ओट्यावर परात होती, तिच्यात कणीक मळून झाकून ठेवलेली होती.

मी फोटोओळ लिहिली : ‘रुळांवर विखुरलेल्या मजुरांच्या चपात्या’. पान वरिष्ठांकडे गेलं आणि परत आलं तेव्हा ‘चपात्या’च्या जागी ‘भाकरी’ होतं. मी फोन केला. म्हटलं, सर, त्या गव्हाच्या आहेत, स्पष्ट दिसतंय. ते म्हणाले, “दिसतंय मलाही. पण चपाती डब्यात असते. माणूस घर सोडतो तो भाकरीसाठी.”

मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो फोटो आणि ती ओळ वाचून कितीतरी जणांचे फोन आले, काहींना बोलता येईना. वरिष्ठांना वाचकाची नस ठाऊक होती, हे मला मान्य आहे. तरीही ते मला आजवर पुरतं पटलेलं नाही. ज्यांनी त्या चपात्या रात्री घाईघाईने लाटल्या, भाजल्या, फडक्यात बांधल्या, त्यांनी भाकरी बांधली नव्हती. आम्ही त्यांच्या शिदोरीचंही नाव बदललं, आमच्या गळ्यात आवंढा यावा म्हणून. फोटो बोलतो असं आपण म्हणतो, पण त्याच्या तोंडी शब्द खालच्या ओळीतूनच जातात, आणि ती ओळ कुणीतरी रात्री साडेअकराला, पान सोडायची घाई असताना लिहिलेली असते.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. पान एकच्या तळाशी पाव पान जाहिरात लागली होती, गव्हाच्या पिठाची. टम्म फुगलेला फुलका, त्यावर वितळणारं तूप, शेजारी खिदळणारी मुलगी, मागे समाधानाने बघणारी आई. वर रुळांवरच्या चपात्या आणि खाली हा फुलका. विमान पडलं की विमान कंपनीची जाहिरात बाजूला काढायची, हे डेस्कवर कुणाला शिकवावं लागत नाही. मी जाहिरात विभागाला फोन लावला. तिकडच्या मुलाचं म्हणणं, आरओ, म्हणजे जाहिरातीची ऑर्डर, पान एकची आहे, लॉकडाऊनमध्ये आधीच जाहिराती नाहीत, पार्टी म्हणजे जाहिरातदार नाराज झाला तर काय करू? त्याचंही पोट त्यावरच होतं. शेवटी पार्टीला विचारून जाहिरात पान पाचवर गेली. पण पान सोडण्यापूर्वी काही मिनिटं ते दोन्ही फोटो माझ्या पडद्यावर एकाखाली एक होते, आणि तेव्हा जे जाणवलं ते अजून मनातून जात नाही. दोन्ही फोटो माझ्यात एकाच जागी शिरत होते.

जाहिरातीतला फुलका कसा जन्माला येतो हे मी पाहिलेलं आहे. माझी मामेबहीण मुंबईत फूड स्टायलिस्ट आहे. एकदा तिच्याबरोबर अंधेरीच्या एका स्टुडिओत दिवसभर बसले होते. एका बाजूला दोन बायका सकाळपासून फुलके लाटत होत्या. साठेक तरी झाले असतील. त्यातून एक निवडायचा. त्याला ते लोक ‘हिरो’ म्हणतात. बाकीचे सगळे त्या एकाच्या जागी लाइट लावून बघण्यासाठी. फुगलेला फुलका मिनिटभरात बसतो, म्हणून हिरो आला की सगळा स्टुडिओ श्वास रोखून धरायचा. बहीण बारीक ब्रशने तूप लावायची. ओला कापूस मायक्रोवेव्हमध्ये तापवून ताटलीच्या मागे लपवलेला असायचा, वाफ त्याची. शेजारच्या थंड पेल्यावरचे टपोरे थेंब ग्लिसरीनचे होते, तासन्‌तास ओघळत नाहीत म्हणून. तिने सांगितलं की कॉर्नफ्लेक्सच्या जाहिरातीत दुधाच्या जागी पांढरा डिंक चालतो, दुधात ते लगेच भिजून बसतात.

एक सहा-सात वर्षांची मुलगी होती. तिची आई कॅमेऱ्याच्या मागे खेळणं घेऊन उभी, लेकीने हसावं म्हणून. मुलगी खेळण्याकडे बघून हसायची आणि दिग्दर्शक म्हणायचा, “बेटा, इकडे नको, पोळीकडे बघ.” कारण फोटोतली व्यक्ती जिकडे बघते तिकडेच बघणाऱ्याची नजर जाते. चेहरा दिसला की आपण आधी चेहऱ्याकडे बघतो, तान्ही बाळंही तेच करतात. चेहऱ्यावरून डोळ्यांकडे, आणि डोळे जिथे लागलेत तिथे. हे जाहिरातवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. घड्याळाच्या जाहिरातीत बहुतेक वेळा दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात, ती अशाच एखाद्या जाणत्याने ठरवलेली. काटे दोन्हीकडे वर उचललेले, मधे कंपनीचं नाव मोकळं, आणि घड्याळ हसल्यासारखं दिसतं.

त्या स्टुडिओत मला कुणी लबाड वाटलं नाही. बहिणीचे हात कामात इतके गुंतलेले होते की बघत राहावंसं वाटलं. ती खाण्याची ओढ घडवत होती, आणि ओढ खरीच होती. मी दुपारचं जेवून बसले होते, तरी तो फुलका बघून मला भूक लागली.

मग फरक कुठे आहे? बरीच वर्षं मी समजत होते की बातमीतला फोटो खरा आणि जाहिरातीतला रचलेला. आता तसं वाटत नाही. जाहिरात भावना जागवते आणि लगेच तिला जायला रस्ता दाखवते : दुकानात जा, पीठ आण. भावना चार दिवसांत पिठाच्या पिशवीत जमा होते. बातमीतला फोटोही भावना जागवतो, पण तिला रस्ता दाखवत नाही. मग ती आपल्याला जो जवळचा रस्ता दिसेल तिकडे वळते, आणि जवळचा रस्ता बहुतेक वेळा फोटोत जे दिसतं त्याच्यापाशीच संपतो.

हे मला २०१८ च्या मार्चमध्ये कळलं. नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला होता. लाल टोप्या, लाल झेंडे, साधारण एकशे ऐंशी किलोमीटरची चाल. पहिले काही दिवस आमच्याकडे तो आतल्या पानांवर होता. मग पायांचे फोटो आले. आदिवासी बायकांचे, म्हाताऱ्यांचे पाय. फोड फुटलेले, कातडी सुटून लोंबणारी, तळव्यांना रक्त. काहींच्या पायात तुटकी चप्पल, काही अनवाणीच. त्या फोटोंनी एका रात्रीत मार्चला पान एकवर आणलं. शेवटच्या रात्री दहावीच्या मुलांना परीक्षेला जायला त्रास नको म्हणून ते न थांबता चालत राहिले आणि १२ मार्चला पहाटे आझाद मैदानावर पोचले. मुंबईने त्यांना पाणी दिलं, खायला दिलं. डबेवाले पुढे आले. लोकांनी घरातून चपला आणून दिल्या.

त्या चपलांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. कुणाच्या तरी पायाला त्या खरोखर लागल्या असतील. पण त्यातल्या कितीतरी बायका नाशिकच्या डोंगरांतून चालत आल्या होत्या त्या वनपट्ट्यासाठी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन वनहक्क कायद्याने आपल्या नावावर व्हावी एवढंच मागणं. कायदा २००६ चा आहे. आणि दाव्याच्या फायलीचा फोटो निघत नाही. म्हणजे निघतो, पण त्याच्याकडे बघून कुणाच्या घशाशी येत नाही. कोऱ्या राहिलेल्या सातबाऱ्याला चेहरा नसतो, डोळे नसतात. पायाचा फोटो बघितला आणि आपल्याला चप्पल सुचली. यात कुणाची चूक नाही, फोटोची ताकदच तेवढी आणि मर्यादाही तेवढीच.

त्याच आठवड्यात एका पुरवणीत टाचांच्या भेगांवरच्या मलमाची जाहिरात होती. डावीकडे भेगाळलेली टाच, उजवीकडे काही दिवसांनंतरची गुळगुळीत. दोन्ही पाय एकाच बाईचे असतील असं नाही, पण डावीकडून उजवीकडे नजर गेली की मनाला हायसं वाटतं. मार्चमधल्या पायांना उजवीकडचा फोटो नव्हता. त्यातल्या एका आजीच्या पायांचा फोटो देशभर गेला आणि नंतरही बातमीदार तिच्या गावी जात राहिले. फोड बरे झाले. जमिनीचा प्रश्न तसाच होता.

रुळांवरच्या चपात्यांचंही तेच. वाचलेल्या मजुरांनी सांगितलं होतं की त्यांनी गावी जायच्या पाससाठी अर्ज केले होते आणि उत्तर आलं नव्हतं. पडद्यावर गोल गोल फिरत राहणाऱ्या त्या अर्जाचा फोटो कोण काढणार? तो काढता आला असता तर मी तो पान एकवर, चपात्यांच्या शेजारी, तेवढ्याच मापाचा लावला असता.

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाळूत पालथा पडलेला तो चिमुकला सीरियन मुलगा आठवतो ना, लाल टी-शर्ट, पायात बूट? निलूफर देमिर यांनी काढलेला फोटो. त्या युद्धात तोवर लाखो माणसं मेली होती आणि जग जेवत होतं. त्या एका फोटोनंतर स्वीडनच्या रेडक्रॉसकडे निर्वासितांसाठी येणाऱ्या देणग्या अनेक पटींनी वाढल्या, आणि काही आठवड्यांत ओसरल्या. यावर रीतसर अभ्यास झालेला आहे. लोक निष्ठुर होते म्हणून त्या ओसरल्या असं मला वाटत नाही. एका मुलासाठी दाटून आलेलं एवढ्या माणसांसाठी रोज कसं दाटून आणायचं, हे आपल्यापैकी कुणालाच येत नाही. आता तर आणखी सोपा रस्ता मिळाला आहे. फोटो पुढे पाठवायचा, खाली हात जोडलेली खूण टाकायची. काहीतरी केल्याचं समाधान बोटाला मिळतं.

आणि ज्याचा फोटो असतो तो?

२००२ मध्ये अहमदाबादेत अर्को दत्ता यांनी एका तरुण शिंप्याचा फोटो काढला. वरच्या मजल्यावर अडकलेला, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, शर्टाला डाग. दंगलीची आठवण म्हणून तोच फोटो जगभर गेला, आणि त्यानंतर त्या माणसाला त्या फोटोतून बाहेर पडणं अवघड होऊन बसलं. पोटापाण्यासाठी तो आपल्या मालेगावात आला. तिथे कुणीतरी वर्तमानपत्रातला फोटो ओळखला आणि त्याचं काम गेलं. पुढे तो कोलकात्याला गेला, मग परत अहमदाबादला. निवडणुका आल्या की राजकीय पक्ष त्याचा चेहरा जाहिरातीत छापत राहिले, आणि मला वापरू नका असं तो सांगत राहिला. बातमीचा फोटो जाहिरातीचा कसा होतो याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. फोटो तोच, जोडलेले हातही तेच. एका ठिकाणी तो जीव वाचवा म्हणत होता, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या तोंडी मत द्या असं घातलं गेलं.

मात्र उलटंही घडलेलं आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. अमेरिकेत ओहायोमध्ये एड्सने मरणासन्न झालेल्या डेव्हिड कर्बी या तरुणाचा फोटो थेरेस फ्रेअर यांनी काढला. बाप त्याचं डोकं छातीशी धरून रडतो आहे. १९९० मध्ये तो ‘लाइफ’ मासिकात कृष्णधवल छापला गेला, आणि १९९२ मध्ये बेनेटन या कपड्यांच्या कंपनीने तो रंगवून जाहिरात म्हणून लावला. मोठा गहजब झाला. मरणाचा वापर स्वेटर विकायला? पण कंपनीने कर्बी कुटुंबाची परवानगी घेतली होती, आणि कुटुंबाचं म्हणणं असं की आम्हाला कुणी वापरलं नाही, आम्हीच त्या कंपनीला वापरलं. आमचा मुलगा जगाने पाहावा म्हणून. मी ही हकीकत वाचली तेव्हा माझ्या ठरलेल्या मतांना धक्का बसला. कोण छापतं, कुठे छापतं यापेक्षा त्या बापाला विचारलं होतं का, हा प्रश्न मोठा ठरला.

आता माझ्या डेस्कची गोष्ट.

आमच्या फोटोंच्या संग्रहात एका बाईचा फोटो होता. २०१३ च्या उन्हाळ्यातला, मराठवाड्यात दुष्काळ होता तेव्हाचा. साठीची बाई, डोक्यावर पदर, कपाळावर आडवा हात, डोळे बारीक करून वर बघणारी. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसत होती. मागे धुरकट, कोरं आभाळ. पहिल्यांदा तो छापला तेव्हा खाली ओळ होती : ‘आभाळाकडे लागले डोळे’. ती ओळ मीच दिली होती. तेव्हा मला ती चांगली जमली असं वाटलं होतं.

फोटो इतका बोलका होता की पुढे पाऊस लांबला की तोच काढला जाई. रात्री फोटोग्राफर कुठला मिळणार? खाली बारीक टाइपात ‘संग्रहित छायाचित्र’ लिहिलं की आमची जबाबदारी संपली. २०१४ ला छापला, २०१५ ला छापला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा विश्लेषणाच्या पानावर पुन्हा छापला. पीकविम्याच्या बातमीला छापला. एकदा तर शेतकरी आत्महत्यांवरच्या लेखाला लागला. त्या बाईच्या घरात आत्महत्या झाली होती का, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. ती बाई आमच्यासाठी बाई राहिलीच नव्हती. ती दुष्काळ झाली होती.

२०१८ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी ऑफिसात फोन आला. मी उचलला. पलीकडे एक माणूस होता, आवाज शांत. म्हणाला, “ताई, तुमच्या पेपरात कपाळावर हात धरलेली बाई येती ना, ती माझी माय.” मी सावरून बसले. भांडायला फोन केला असेल असं वाटलं. तो भांडला नाही. म्हणाला, “२०१७ लाच विहीर पाडली आम्ही. पाणी लागलं. मोसंबी लावली. पण तुमच्या पेपरात माय अजून टँकरपाशीच उभी हाय.”

मी विचारलं, टँकर? फोटोत टँकर नव्हता. तो म्हणाला, “टँकर आला होता ना गावात. वर डायवर उभा होता, पाइप कुठल्या हिरीत सोडतो ते बघत होती ती. ऊन डोळ्यावर येत होतं.”

आभाळाकडे लागलेले डोळे ड्रायव्हरकडे लागलेले होते.

मी माफी मागितली. मनापासून मागितली, पण फोनवरच्या माफीला कितीसं वजन असतं? तो म्हणाला, जाऊ द्या. लोक मायला विचारायचे, आत्महत्येच्या बातमीत तुझा फोटो कसा काय. पहिल्यांदा तिला हसू आलं, मग तिला वाईट वाटायला लागलं. जिता नवरा घरात बसलेला. मग तो थोडा थांबला आणि ज्यासाठी फोन केला होता ते बोलला. माय फेब्रुवारीत गेली होती. घरात तिचा एकटीचा धड फोटो नव्हता. आधारवरचा होता, तो तिचा वाटत नव्हता. लग्नातल्या अल्बममध्ये ती कुठे तरी मागे उभी, अर्धी झाकलेली. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. “तुमच्याकडं मूळ असंल. मोठा करून मिळंल का?”

श्रद्धांजलीच्या छोट्या जाहिरातींसाठी आमच्याकडे रोज असे फोटो येतात. घोळक्यातून कापून काढलेला चेहरा, मागे लग्नाच्या मांडवाची झालर, खांद्यावर कुणाचा तरी कापून राहिलेला हात. जाहिरात घेणारी मुलं तो हात खोडून टाकतात आणि मागे निळं आभाळ लावतात. आयुष्यभर एकटीचा फोटो काढायची वेळ न आलेल्या बायका गावोगाव आहेत. या बाईचा एकटीचा फोटो हजारो घरांत गेला होता, फक्त तिच्या घरात नव्हता.

मी संग्रहातून मूळ फाइल शोधायला बसले. आमच्या फोटोग्राफरने ती काढून दुसऱ्या संस्थेत जाऊनही बरीच वर्षं झाली होती. जुन्या हार्ड डिस्कवर, तारखेच्या फोल्डरमध्ये, शंभरेक फोटोंत ती सापडली. पडद्यावर उघडली आणि मी बघतच राहिले.

फोटो आडवा होता. आम्ही उभा कापला होता. व्हिएतनाममधल्या नापाम बॉम्बने होरपळून रस्त्यावर धावणाऱ्या मुलीचा जगप्रसिद्ध फोटो नेहमी छापतात तेव्हा उजवीकडे कॅमेऱ्यात फिल्म भरणारा फोटोग्राफर कापलेला असतो, हे मी पूर्वी नवख्या उपसंपादकांना सांगत असे, क्रॉपने मजकूर कसा बदलतो ते दाखवायला. आपल्याच हातून काय कापलं गेलं हे मात्र पाच वर्षं पाहिलं नव्हतं. डावीकडे टँकरची मागची बाजू होती, गंजलेली. पुढे प्लास्टिकच्या घागरींची रांग, निळ्या, नारिंगी. आणि त्या बाईच्या उजव्या हाताला, तिला अगदी खेटून, तिच्याच वयाची दुसरी बाई. तिने एक हात या बाईच्या खांद्यावर टाकला होता आणि चवड्यांवर उंच होऊन तीही ड्रायव्हरकडेच बघत होती. ती हसत होती. पुढचे दोन दात पडलेले, तोंड उघडं टाकून हसत होती. आता नीट बघितल्यावर जाणवलं की कपाळावर हात धरलेल्या बाईच्या ओठांच्या कोपऱ्यातही हसू होतं. पुढे काहीतरी गंमत चालली असावी, ड्रायव्हरला कुणीतरी चिडवलं असेल. दुष्काळ होता. पाणी चार दिवसांनी आलेलं होतं. आणि त्या दोघी हसत होत्या.

छापलेल्या फोटोत ते हसू सुरकुतीसारखं दिसत होतं.

मी त्या मुलाला फोन केला. सांगितलं, फोटो मिळाला, मोठा होईल, स्पष्ट आहे. विचारलं, शेजारी एक बाई आहेत, खांद्यावर हात ठेवलेल्या. त्यांना काढून आईचा एकटीचा करून देऊ का? म्हटलं, पाहिजे तर हातही काढून टाकता येईल, कळणार नाही.

तो हसला. “सुंदराक्का हाय ती. शेजारची. मायसंग रोज धुण्याला जायची. काढू नका तिला.” मग म्हणाला, “ताई, टँकर पण राहू द्या.”

मी पूर्ण फोटो पाठवला. आमच्या संग्रहातल्या कापलेल्या फाइलच्या नावापुढे ‘वापरू नये’ लिहिलं आणि मूळ फाइलला तिचं, गावाचं आणि सुंदराक्काचं नाव घातलं. श्राद्धाच्या दिवशी त्याने मला भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो पाठवला. चंदनाचा हार दोघींच्या मधोमध पडला होता, कारण फ्रेम आडवी होती आणि हार एकच होता. सुंदराक्का त्या फ्रेमखाली बसून पत्रावळीवर जेवत होती.